प्रश्न अकरावा

५ जानेवारी. सकाळ, दुसऱ्या चहाच्या आधी

संजनाने नवा फोन घेतला, जुना मला दिला. त्यात माईकचं चित्र हाय. ते दाबायचं आणि बोलायचं, बोललेलं आपोआप लिहून निघतं. मला वाचता येत नाय, म्हणजे मी काय लिहिलं ते मलाही कळणार नाय. याहून सुरक्षित डायरी कुणाकडे असेल? फोन उघडतो अंगठ्याने. जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून हसले लोक, आता साहेब लोकसुद्धा दिवसातून पन्नास वेळा अंगठाच लावतात.

डायरीला तारीख लागते म्हणे. तारीख फोनातल्या बाईला इचारायची. कितीदा इचारा, चिडत नाय. माझ्या सुनेने, हर्षलाने, शिकावं तिच्याकडून. आज चहात साखर नव्हती. होती, पण असल्यासारखी लागली नाय.

संकल्प: रोज लिहायचं. खरं तेच लिहायचं.

११ जानेवारी

मधले पाच दिवस राहिले. वालाच्या शेंगा आल्यात. शेतात फोन नेला असता तर चिखलात पडला असता. नेला नाय, पण पडला असता.

संजना हॉस्टेलवरून आली. माझी नात. मुंबईला विद्यापीठात समाजकार्य शिकते. म्हणजे लोकांच्या घरात काय चाललंय ते इचारायचं शिक्षण. हे मी साठ वर्षं फुकट केलं. त्यांच्या डिपार्टमेंटने संशोधनाच्या क्षेत्रांची लिस्ट दिली हाय. त्यातलं एक घ्यायचं, तीस माणसांना भेटायचं आणि मार्चअखेर पुस्तक बांधून द्यायचं. त्याशिवाय डिग्री नाय. आणि डिग्री मिळाली तर कशेळ्याच्या एका संस्थेत नोकरी ठरलेली हाय.

तिने लिस्ट वाचून दाखवली. कारखान्यातल्या कामगारांचं आरोग्य. वाडीवरच्या मुलांचं शिक्षण. बचत गट. प्रकल्पात जमिनी गेलेले. व्यसनमुक्ती. वृद्धांची काळजी.

मी म्हटलं, व्यसनमुक्ती घे. तीस माणसं आपल्या आळीतच भरतील, आणि संध्याकाळी सगळी एका जागी सापडतात, हिंडायला नको. ती हसली. मग म्हटलं, कामगार घे, तुझा बाप वीस वर्षं मोहोपाड्याला प्लांटवर जातो, त्याच्या खोकल्याचाच एक धडा होईल. ती म्हणाली, आजी, मी वृद्ध घेतलेत. आमच्या गाईड मॅडमना सांगून पण झालं.

म्हाताऱ्यांत काय संशोधन? गुडघे दुखतात. लिहिलं, संपलं.

१२ जानेवारी

प्रश्न वाचून दाखवले. चौदा हायत, सगळे म्हाताऱ्या बायांना इचारायचे. जेवायला कोण देतं. औषध कोण आणतं. झोपायची जागा कुठे. मी दहा प्रश्नांना मान डोलावली. मग अकरावा आला. तुमी सून होतात तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या सासूची काळजी कशी घेतलीत?

मी म्हटलं, हा कशाला? ती म्हणाली, मॅडम म्हणतात तेव्हाची आणि आताची तुलना करता येते. मी म्हटलं, तुलना भाजीवाल्याकडे करायची, घरात नाय. हर्षला भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाय. तिला अशा अभ्यासाच्या गोष्टींत रस नाय.

माझ्या सासूचं मी काय केलं ते गावाला ठाऊक हाय. शेवटचे सात महिने तिचं एक अंग गेलं होतं. तिला मागच्या खोलीत स्वतंत्र जागा दिली होती. हवेशीर. आता पुन्हा पुन्हा सांगून आपलाच मोठेपणा कशाला?

संकल्प: अकरावा प्रश्न काढून टाकायला लावायचा. दोन दिवसांचं काम.

१९ जानेवारी

प्रश्न अजून हाय. मी म्हटलं, बायका वाईट मानतील. संजना म्हणाली, ज्यांना नको त्यांनी सांगू नये, तसं फॉर्मवरच लिहिलंय.

पण या फॉर्मनेच घोळ केला. इंटरव्ह्यूआधी फॉर्मवर अंगठा घ्यायचा, की आमी आमच्या राजीखुशीने बोलतोय. पोरगी काल सकाळपासून दारोदार फिरली आणि कोरे फॉर्म घेऊन परत आली. एकीनेही अंगठा दिला नाय. विमलबाईने तर शाईची डबी पाहून पदराखाली हात घेतले. तिच्या दिराने अशाच एका गोड बोलणाऱ्याच्या कागदावर अंगठा दिला होता, आता त्या शेतात मुंबईवाल्यांचा पोहायचा तलाव हाय. हायवे दोन मैलांवर, चौक गाव जवळ, त्यामुळे आमच्याकडे गोड बोलणारे फार येतात. आमच्याकडे अंगठा म्हणजे सातबारा. पोरीला हे कोण शिकवणार? विद्यापीठ?

ती ओट्यावर पाय पसरून बसली, तोंड एवढंसं. मी म्हटलं, आजी कशाला हाय गं? मी पुढे होऊन अंगठा देते, मग बघ रांग लागते की नाय. तिने मला मिठी मारली.

रांग लावायची म्हणजे आधी बायकांशी चार शब्द बोलायला हवेत. एकटीने. मला एक कल्पना सुचली हाय.

२६ जानेवारी. दुपार

सकाळी शाळेत झेंडा. नंतर आमच्या अंगणात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं, भोवती जाळ. पोपटीच्या वासाला नाय म्हणणारी बाई अजून जन्मायची हाय. तेवीस जणी आल्या. संजना मुंबईला होती, ते बरं झालं. हर्षला माहेरी.

शेंगा सोलता सोलता प्रॅक्टिस घेतली. बाकीच्या प्रश्नांना काय हवं ते सांगा म्हटलं, अकराव्याला मात्र एकच: सासूला तळहाताच्या फोडासारखं जपलं. सोपं, शोभेल असं, गावाची मान वर राहील असं. सगळ्यांकडून तीन तीनदा म्हणून घेतलं. मी शाळेत गेले असते तर मास्तरीण झाले असते. नंदा म्हणाली, काकी, माझी सासू फोडासारखी दुखायची खरी, तेवढं खोटं नाय. सगळ्या हसल्या. मी दटावलं. नीट म्हणतेस, का शेंगा परत देतेस?

शेजारची इंदूबाई पण होती. इंदू आणि मी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. तिने शेंगा खाल्ल्या, हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मोते, मला आठवतंय ते सांगू, का तू पढवतेस ते? मी म्हटलं, तुला शुगर हाय, तुला काय आठवणार? तू या भानगडीत पडूच नको. ती उठून गेली. तिच्या वाटणीच्या शेंगा तशाच राहिल्या. म्हातारपणी माणसं हळवी होतात.

तिचं नाव यादीतून काढलं, तिच्याच तब्येतीसाठी. तिला उगाच गोठ्याकडच्या खोलीचं काहीबाही आठवत राहतं.

९ फेब्रुवारी

मी पहिला अंगठा दिला आणि खरंच रांग लागली. दोन शनिवार-रविवारांत तीस इंटरव्ह्यू पुरे. आमच्या बावीस, आठ पलीकडच्या पाड्यातल्या. संजना म्हणाली, आजी, नवल हाय, अकराव्या प्रश्नाला सगळ्या तेच बोलतात. मी म्हटलं, गाव एकजीव हाय आमचं. तिने कपाळाला आठी घातली, पण लिहून घेतलं. माझा इंटरव्ह्यू नातं म्हणून धरला नाय. मॅडमचा नियम. मॅडम शहाणी बाई दिसते.

घरात मात्र सुख नाय. हर्षलाने माझी खाट माजघरात मधोमध ठेवलीय, येता जाता सगळे अडखळतात, टीव्ही बोंबलतो. किती वेळा सांगितलं, मला मागे शांत जागी टाक. ऐकत नाय. नुसती नाय म्हणते आणि कामाला लागते. पण बाकी धाकात हाय. मी सगळ्यांना सांगते, सासू कडक असली की सून नीट वागते.

२ मार्च

संजना आज अवेळी आली. बॅग टाकली, आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. हर्षलाने तासाभराने उघडवलं.

मॅडमनी वर्गासमोर तिचे फॉर्म एकाखाली एक वाचले. तळहाताच्या फोडासारखं, तळहाताच्या फोडासारखं, बावीस वेळा. पोरं आधी हसली, मग हसेनाशी झाली. मॅडम म्हणाल्या, ही तीस माणसं तू पाहिलीसच नाय, झाडाखाली बसून फॉर्म भरलेस. असा डेटा बनवणाऱ्याचं वर्ष जातं. आधीचं काम बरं होतं म्हणून शेवटची संधी देते, सगळे इंटरव्ह्यू नव्याने घे, रेकॉर्डिंगसकट, तीन आठवड्यांत.

म्हणजे वर्ष गेलं तर कशेळ्याची नोकरी पण गेली.

बायका अगदीच बिनडोक. बावीसातल्या एकीला तरी स्वतःची अक्कल लावून दोन शब्द बदलता आले असते. सगळं मीच करायचं का?

संकल्प: उद्या संजनाला सांगायचं, की पढवलं मी.

३ मार्च

नाय सांगितलं. तिचं डोकं दुखत होतं.

४ मार्च

नाय सांगितलं. माझा गुडघा दुखत होता.

५ मार्च. सकाळी

सांगणारच होते. ती अंघोळीला गेली.

५ मार्च. दुपारी

ती अंघोळीहून आली, पण मग मी शेतावर गेले होते. काम नव्हतं.

६ मार्च

नंदाने सांगितलं. इंटरव्ह्यू पुन्हा द्यायचा म्हटल्यावर तिने संजनाला इचारलं, या खेपेला पण तेच म्हणायचं का, का काकीने नवीन काय दिलंय?

संजना माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. ती म्हणाली, आजी, मॅडम मला खोटारडी म्हणाल्या, सगळ्या वर्गासमोर. मी घरी येऊन चार दिवस रडतेय, आणि तू समोर बसून वाल निवडत होतीस.

मी म्हटलं, गावाच्या अब्रूसाठी केलं गं. ती म्हणाली, गावाच्या? आणि माझ्याकडे बघत राहिली. मी निवडलेले वाल पुन्हा निवडायला घेतले.

८ मार्च

महिला दिन. मला घरात बसायचा हुकूम. संजना एकटी दारोदार जाते. आणि काय सांगू, बायका बोलतात! नंदा येऊन सांगून जाते. पाड्यावरच्या एकीने सांगितलं की ती सासूला जेवण द्यायची पण पाणी द्यायची नाय, रात्री उठावं लागेल म्हणून. विमलबाई म्हणाली, आमी चांगलं केलं, पण भीतीने केलं. पोरगी ऐकते, लिहिते, कुणाला नाव ठेवत नाय. माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा घे. सर जरा.

दुपारी ती इंदूकडे गेली. मला कढीपत्ता हवा होता, तो इंदूच्या घराच्या कुडालाच लागून हाय, म्हणून गेले. ऐकायला नाय. कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची भिंत, त्यातून ऐकू येतं, त्याला मी काय करू?

इंदूने आपलं सगळं सांगितलं. बरं होतं ते पण, वाईट होतं ते पण. मग संजनाने इचारलं, आजीने तुमचं नाव का काढलं होतं? माझा हात फांदीवरच राहिला. इंदू म्हणाली, ते तुझ्या आजीकडून ऐक बाय. माझ्या तोंडून ऐकलंस तर ती चहाडी, तिच्या तोंडून ऐकलंस तर अभ्यास.

पन्नास वर्षं सांगू शकली असती. नाय सांगितलं. मी तिला पोपटीवरून उठवलं तरी नाय सांगितलं. याचाच मला राग आला. का आला ते कळत नाय.

कढीपत्ता आणायचा राहिला.

१४ मार्च

एकोणतीस झाले. पाड्यावरच्या दोघी लेकींकडे पुण्याला गेल्या, एकीच्या जागी इंदू आली, म्हणून तिसावी जागा रिकामी. संजनाने मॅडमना फोन केला, घरातली बाई चालेल का म्हणून. मॅडम म्हणाल्या, नातं लिहून ठेव, चालेल.

मग मला म्हणाली, आजी, तू बसतेस का? नाय बसलीस तर मी चौकला दुसरी कुणी बघते, राग नाय. पण बसलीस तर पढवलेलं चालणार नाय.

मी म्हटलं, मला वेळ नाय. वाल संपलेत, भात घरात हाय, म्हशी कधीच विकल्या. वेळच वेळ हाय.

१५ मार्च. सकाळ

हर्षला बाजाराला गेलेली पाहून बसले.

संजनाने रेकॉर्डिंग लावलं. दहा प्रश्न झाले. अकरावा तिने वाचला, हळू, नजर कागदावर ठेवून. मी म्हटलं, मागची खोली. मग म्हटलं, गोठ्याकडची खोली. मग म्हटलं, गोठा. खोली नव्हती गं. मागची पण नव्हती आणि हवेशीर पण नव्हती.

योगेंद्रचं, तिच्या बापाचं, बारसं होतं. पाहुणे यायचे होते. सासूचं एक अंग गेलेलं, कपडे खराब व्हायचे, घरात वास. मी नवऱ्याला म्हटलं, दोन दिवस खाट गोठ्यात ठेवू. त्याने खाट उचलली. दोन दिवस झाले. पाहुणे गेले. मग लावणी आली, मग कापणी, मग झोडणी. खाट आणायची राहिली. राहिली म्हणजे मी आणली नाय. मी ताट उंबऱ्यावर ठेवायची, आत जायची नाय. आत इंदू जायची, शेजारून, पेज भरवायला. सासू गेली ते पण मला इंदूने हाक मारून सांगितलं.

मी इतक्या मोठ्याने रडले की बाहेरगावच्या बायका म्हणाल्या, काय जीव होता सुनेचा. तिथून मी सांगायला लागले, सेवा केली म्हणून. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ अडखळली. दुसऱ्यांदा नाय अडखळली.

संजनाचं पेन थांबलं होतं. मला वाटलं आता काय तरी म्हणेल. तिने पाणी प्यायला दिलं आणि बारावा प्रश्न इचारला. औषधं वेळेवर मिळतात का? मी म्हटलं, मिळतात. तेरावा, दिवसातून कितीदा कुणी येऊन बसतं? मी म्हटलं, सारखंच कोण ना कोण असतं.

२० मार्च

देवळात गेले नाय. दुकानात नाय. आता ते विद्यापीठात वाचतील, मुंबईची पोरं माझं नाव घेऊन बोटं मोडतील. संजना म्हणते नाव नसतं, नंबर असतो. तिसावी बाई. पण गावात तिसावी कोण हे कुणाला कळणार नाय?

संकल्प: कुणी इचारलं तर मान खाली घालून हो म्हणायचं. आरशात करून पाहिलं. चांगलं जमतं.

२९ मार्च. दुपार

संजना पुस्तक बांधून आली. निळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. मॅडमनी सही केली, परवा देऊन टाकायचं, जूनपासून कशेळ्याला कामावर. तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी इचारलं, माझं कुठल्या पानावर हाय? ती म्हणाली, नाय गं आजी. पढवल्याचं मी मॅडमना सांगितलं, तर त्यांनी अकरावा प्रश्नच काढून टाकला. म्हणाल्या, एकदा पढवलेल्या बाया, दुसऱ्यांदा खरं बोलल्या की मला बरं वाटावं म्हणून बोलल्या, कसं ठरवणार? तो भाग सगळाच गाळला.

म्हणजे मी दहा दिवस घरात तोंड लपवून बसले ते फुकटच. कुणाला पत्ताच नाय. वाईट वाटायला हवं होतं, पण हायसं वाटलं, इतकं हायसं की गुडघा विसरून उठले आणि चुलीपाशी गेले.

हर्षलाला म्हटलं, बरं झालं बाय, जुन्यापान्या गोष्टी छापल्या नाय, घरातल्या घरातच राहिल्या. ती मासळी साफ करत होती. मागे न वळता म्हणाली, घरातच हायत त्या, आई. मला मामंजींनी सांगितल्या.

मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, ते गेले त्या आठवड्यात. बारा वर्षं झाली. मी म्हटलं, काय म्हणाले? तिने पाण्यात हात धुतले. म्हणाली, हेच, की माझ्या आईला मी बाहेर ठेवू दिलं, हिला तू ठेवू नको.

मी इचारलं, मग बोलली का नायस? ती म्हणाली, तुमी रोजच सांगत होतात की, सेवा केली, सेवा केली. मधे कुठे बोलणार?

रागाने नाय म्हणाली. मासळीला मीठ लावायला लागली.

बारा वर्षं. मी गावभर सांगत होते, सून माझ्या धाकात हाय, वळण मी लावलं. ओट्यावर बसून तिच्यादेखत सांगत होते. ती आत पाट मांडत असायची, सगळं ऐकत असायची, आणि मग येऊन म्हणायची, आई, बसा.

आता मी मागच्या अंगणात बसून हे बोलतेय. फोन कानाला लावलाय, म्हणजे लांबून दिसणाऱ्याला वाटेल कुणाशी तरी महत्त्वाचं चाललंय. तिने जेवायला दोनदा हाक मारली. मी हाताने खूण केली, बोलतेय म्हणून. कुणाशी ते तिने इचारलं नाय.

तिसरी हाक आली. सगळे ताटावर बसलेत म्हणते, माझ्यासाठी थांबलेत. तिच्या समोरचीच जागा माझी.

जाते. बंद कसं करायचं हे —